कच्छच्या मातीची परीक्षा खंभातच्या खोऱ्यात घ्या

प्रति,
महासंचालक, हायड्रोकार्बन महासंचालनालय,
कार्यकारी संचालक, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय,
तसेच भूविज्ञान विभाग, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा, यांस

विषय : वापरातून गेलेल्या तेल व वायू विहिरी बुजवण्यासाठी बेंटोनाइटच्या बुचांची प्रत्यक्ष चाचणी घेण्याबाबत.

महोदय,

मी बडोद्यात राहणारा एक निवृत्त सिमेंटिंग अभियंता आहे. नोकरीतली तीसहून अधिक वर्षे मी खंभातच्या खोऱ्यातल्या विहिरींत सिमेंट उतरवण्याचे काम केले. काही विहिरी नव्या असताना त्यांच्या केसिंगमागे, म्हणजे विहिरीत उतरवलेल्या पोलादी नळीमागे, सिमेंट भरले, आणि त्यांतल्याच काही पुढे थकल्यावर त्यांना कायमचे बूच मारायलाही मलाच बोलावले गेले. या अनुभवाच्या आधारे आपणा सर्वांना एक विनंती आहे. वापरातून गेलेल्या, उथळ आणि कमी दाबाच्या काही निवडक विहिरी सिमेंटऐवजी कच्छमध्ये मिळणाऱ्या बेंटोनाइट चिकणमातीने बुजवून पाहाव्यात, त्या बुचांवर ती हार मानेपर्यंत दाब द्यावा, आणि जे हाती येईल ते अपयशासकट सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत राहणारे माझे अनेक जुने सहकारी, कोणी रिगवरचे, कोणी मडवरचे (विहीर खोदताना वापरायच्या चिखलावरचे), कोणी लॉगिंगचे (विहिरीत उपकरणे सोडून मोजमाप करणारे), मराठी वाचतात, आणि माझे कुठे चुकत असेल तर ते सर्वांत आधी त्यांच्या लक्षात येईल.

खंभातजवळ लुणेज येथे १९५८ मध्ये तेल सापडले आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला. तिथल्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ हे नाव दिले होते. १९६५ मध्ये बडोद्याच्या वेशीवर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि पुढे कलोल, साणंद, नवागाम, गंधार अशी क्षेत्रे एकामागून एक नकाशावर आली. त्या पहिल्या पिढीतल्या विहिरींचे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. विहीर म्हणजे अखेर जमिनीत उभी पुरलेली पोलादी नळी. खारे भूजल तिला बाहेरून खाते आणि वायूसोबत येणारा ओलसर कार्बन डायऑक्साइड आतून. शिवाय तेल संपले म्हणून विहीर शांत झाली, असे होत नाही. उपशाने दाब उतरलेल्या वाळूच्या थरात आजूबाजूचे पाणी हळूहळू शिरते, दाब वर्षानुवर्षे पुन्हा चढत जातो आणि मागे राहिलेला वायू वर येण्याची वाट शोधू लागतो. ते बूच मारणारा माणूस, ती कंपनी, तो नियम, यांतले काहीही शिल्लक नसेल तेव्हाही बूच मात्र जागेवर असावे लागते.

आज हे काम आपण सिमेंटवर सोपवतो. ट्युबिंग, म्हणजे केसिंगच्या आतली तेल वर आणणारी नळी, बाहेर काढायची, ज्या खोलीवर केसिंगला छिद्रे पाडून तेल घेतले होते तिथे सिमेंटचा खांब उभा करायचा, त्यावर जड मड भरायचा, वर पुन्हा सिमेंट, आणि शेवटी केसिंग जमिनीखाली कापून त्यावर पोलादी झाकण वेल्ड करायचे. सिमेंट सेट झाले की पाइप खाली नेऊन त्याच्या माथ्यावर वजन टेकवून पाहायचे, म्हणजे आमच्या भाषेत टॅग करायचे, आणि वरून दाब देऊन तो टिकतो का ते तपासायचे. सिमेंटविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही, त्यानेच माझे घर चालवले आहे. परंतु त्याचा स्वभावही मी जवळून पाहिला आहे. सेट होताना ते किंचित आकसते. दाब आणि तापमान बदलले की केसिंग फुगते-आवळते, पण तिच्यासोबत ताणण्याची लवचीकता सिमेंटमध्ये नसते. त्यामुळे पोलाद आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट पडते. सिमेंटला एकदा तडा गेला की तो तसाच राहतो.

माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या एका कामाची हकिगत इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पाद्र्याच्या बाजूला एका शेतात एका कंपनीची विहीर आम्ही बुजवली. सिमेंट व्यवस्थित बसले, टॅग झाले, दाबाची चाचणीही उत्तीर्ण झाली, आणि मी समाधानाने अहवालावर सही केली. सात पावसाळ्यांनंतर त्या शेताच्या मालकाचा निरोप आला, की जुन्या सेलरच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाभोवतीच्या, खड्ड्यात पावसाचे पाणी साठले आहे आणि त्यात एकाच जागी सारखे बुडबुडे येत आहेत. मी जाऊन पाहिले. बुडबुडे अगदी लहान होते, पण थांबत नव्हते, आणि कोरड्या दिवसांत ते कोणाला दिसलेच नसते. तपासाअंती वायू आतल्या बुचातून नव्हे, तर केसिंगच्या मागून, बाहेरच्या पोकळीतून वर येत असल्याचे आढळले. म्हणजे तिथे आत मातीचे बूच मारले असते तरी तेवढ्याने भागले नसते, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. मागच्या पोकळीपर्यंत पोहोचण्यासाठी केसिंग तेवढ्या टप्प्यात खरवडून काढावी लागली असती. पण त्या दिवसापासून, जी फट आपली आपण मिटवील अशी वस्तू कोणती, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच रिगवर गोण्यांत भरून रचलेले असे. पाण्यावर बनवलेला नेहमीचा मड बेंटोनाइटशिवाय बनत नाही, हे आमच्यातला नवा खलाशीही जाणतो. या मातीतला मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट हा पत्त्यांच्या जोडासारखा अतिशय पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो. पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बसलेले असतात, आणि पाणी आले की ते त्यांच्याभोवती शिरून पापुद्रे दूर ढकलते. सोडियम असलेले चांगले बेंटोनाइट मोकळ्या पाण्यात मूळ आकारमानाच्या १० ते १५ पट फुगू शकते. नळीत कोंडलेले असले की त्याला फुगायला जागा मिळत नाही, मग तेच फुगणे चहूबाजूंना दाबाच्या रूपाने व्यक्त होते आणि माती पोलादाला घट्ट चिकटून बसते. ती कधीच दगड होत नाही. केसिंग हलली तर ती तिच्यासोबत हलते, आणि फट पडली तर ओली माती त्या फटीत सरकते. निसर्गाने तरी दुसरे काय केले आहे? अंकलेश्वरच्या वाळूतले तेल तेलवा शेलने झाकून ठेवले, कलोलचे तारापूर शेलने. ही दोन्ही चिकणमातीपासूनच बनलेली खडकांची झाकणे आहेत, आणि आपण भोके पाडीपर्यंत त्यांनी ते तेल कोट्यवधी वर्षे धरून ठेवले होते. नॉर्वेमध्ये तर केसिंगच्या मागे स्वतःहून सरकून बसलेल्या शेललाच, लॉगिंग आणि दाबचाचणी यांनी खात्री करून, कायमचा अडसर म्हणून मान्यता दिली जाते.

बाहेर या मातीची परीक्षा झालेली नाही असे नाही. कॅलिफोर्नियातील सॅन होकिन खोऱ्यात शेव्हरॉन कंपनीने दाबून केलेल्या बेंटोनाइटच्या गोळ्यांनी जुन्या विहिरी बुजवल्या आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाने कोळशाच्या थरांतून वायू काढणाऱ्या विहिरींसाठी याच विषयावर दीर्घ संशोधन केले आहे. स्वित्झर्लंडमधील ग्रिमसेल येथे खडकातल्या बोगद्यात बेंटोनाइटच्या विटा रचून त्यांच्या मध्यभागी १९९७ मध्ये हीटर सुरू करण्यात आला, आणि २०१५ मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी, तो बंद करून माती उकरून तपासली गेली. स्वीडनमध्ये अणुभट्टीतले वापरलेले इंधन तांब्याच्या डब्यांत घालून सुमारे ५०० मीटर खोलीवर बेंटोनाइटच्या वेष्टनात ठेवण्याची योजना आहे. तिच्या तयारीसाठी एस्पो येथील भूमिगत प्रयोगशाळेत निरनिराळ्या देशांच्या मात्या एकाच छिद्रात रचून तापवून पाहण्यात आल्या, आणि त्या मात्यांत आपल्या कच्छचे बेंटोनाइटही होते. हे प्रथम वाचले तेव्हा मला अभिमान वाटला, आणि लगेच खंतही वाटली. कच्छची माती स्वीडनच्या ग्रॅनाइटमध्ये तपासली जाते आणि तिच्या खाणींपासून एका दिवसाच्या ट्रकच्या अंतरावर असलेल्या आपल्या विहिरींत मात्र तिची परीक्षा कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता खरा मुद्दा. परदेशातले निष्कर्ष वाचून आपण उद्यापासून मातीने विहिरी बुजवाव्यात असे माझे म्हणणे नाही, तसे करणे धोक्याचे ठरेल. खंभातच्या खोऱ्यातली विहीर ही कॅलिफोर्नियातली विहीर नव्हे, आणि कच्छचे बेंटोनाइट हे अमेरिकेतल्या वायोमिंगचे बेंटोनाइट नव्हे.

पहिली अडचण मातीच्याच जातीची आहे. कच्छमधली माती दख्खनच्या ज्वालामुखीय खडकांपासून बनली आहे आणि खाणीगणिक तिचा गुण बदलतो. काही ठिकाणी ती मुळातच सोडियमची असते, काही ठिकाणी कॅल्शियमची, आणि दुसऱ्या प्रकारच्या मातीत सोडा ॲश मिसळून तिला फुगणारी बनवले जाते. पायलिंगसाठी किंवा मडसाठी हे पुरेसे आहे, कारण ते काम काही आठवड्यांत संपते. कायमच्या बुचासाठी मात्र विचारले पाहिजे, की बाहेरून घातलेला सोडियम पन्नास वर्षांनी जागेवर असेल का. विहिरीतल्या खाऱ्या पाण्यात कॅल्शियम असतो, शेजारच्या सिमेंटमधून तर तो झिरपतच राहतो, आणि तो हळूहळू सोडियमची जागा घेतो. मग माती कमी फुगते. मातीचे बूच आणि सिमेंटचे बूच एकावर एक ठेवायचे असेल तर मध्ये स्वच्छ वाळूचा टप्पा सोडावा की सोडू नये, सोडलाच तर किती, याचे उत्तर मोजमाप केल्याशिवाय देता येणार नाही.

दुसरी अडचण पाण्याची. बेंटोनाइटला फुगायला गोडे पाणी हवे, खाऱ्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. खंभातच्या आखाताच्या बाजूला, जंबुसरकडे, बोअरचे पाणीसुद्धा मचूळ असते, आणि टँकरवाला जे पाणी आणून ओततो त्याची चव घेऊन पाहण्याची शिस्त फार थोड्या ठिकाणी आहे. गोड्या पाण्यात फुगलेल्या मातीला नंतर खारे पाणी भेटले तर ती धरून राहते का, हा प्रश्न सुरुवातीलाच खारे पाणी भेटण्याहून वेगळा आहे. या दोन्ही स्थिती स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत. आणि पाणी अजिबातच उरले नाही तर काय? बुचावरचे पाणी केसिंगच्या एखाद्या छिद्रातून उतरून गेले तर माती वाळेल, आकसेल आणि उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी तडकेल. म्हणून बुचाच्या डोक्यावर पाण्याचा खांब कायम राहतो का, हे मोजण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

तिसरी अडचण माती खाली पोहोचवण्याची. गोळे वरून सोडायचे असतात. घाईने ओतले तर ते केसिंगमध्ये एकमेकांत अडकून मध्येच पूल बांधतात. खाली पोकळी राहते आणि वरून पाहणाऱ्याला विहीर भरल्यासारखी वाटते. अगदी सावकाश सोडले तर खोल विहिरीत ते तळाशी पोहोचण्याआधीच ओले होऊन चिकटू लागतात. जुन्या केसिंगच्या भिंतीला मेण आणि जड तेल थापलेले असते, त्याला लागलेल्या गोळ्यावर तेलाचा पापुद्रा चढला की पाणी आत शिरत नाही. केसिंग आधी स्क्रेपरने आणि गरम पाण्याने किती धुवावी लागेल, हा खर्चाचा मोठा भाग ठरेल. साडेपाच इंची केसिंगमध्ये दर मीटरला साधारण १२ लिटर जागा असते. म्हणजे ५० मीटरच्या बुचाला सुमारे ६०० लिटर, पाऊण टनाच्या आसपास माती. मातीचा खर्च नगण्य आहे. सिमेंटिंगचा पंप न आणता एक छोटी वर्कओव्हर (विहीर दुरुस्तीची) रिग आणि पाण्याचा टँकर एवढ्यावर काम झाले तर बचत निश्चित होईल. पण ती धुण्यातच खर्ची पडते का, ते आकड्यांनी दाखवावे.

उष्णतेचाही विचार करावा लागेल. खंभातचे खोरे भूगर्भीय उष्णतेसाठी प्रसिद्ध आहे. इथे खाली जाताना तापमान इतर अनेक खोऱ्यांपेक्षा वेगाने चढते. स्वीडनच्या योजनेत मातीचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या खाली राखण्याचे बंधन आहे, कारण अधिक उष्णतेत आणि पोटॅशियमच्या सान्निध्यात ही माती दीर्घकाळात न फुगणाऱ्या इलाइटमध्ये रूपांतरित होऊ शकते. एवढ्यावरूनच, खोल आणि उष्ण विहिरी या चाचणीतून वगळाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. गंधारविषयी आणखी एक काळजी आहे. कोयलीच्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून गंधारच्या तेलथरात सोडण्यासंबंधी २०१९ मध्ये दोन सार्वजनिक कंपन्यांत करार झाला. ज्या थरात तो वायू दाबाने भरायचा, त्या थरातून गेलेली प्रत्येक जुनी विहीर ही गळतीची संभाव्य वाट आहे. कार्बन डायऑक्साइडचे आम्लयुक्त पाणी सिमेंटला खाते हे आपणास ठाऊकच आहे. परंतु कोरडा, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड मातीतले पाणी ओढून घेऊन तिलाही आकसवू शकतो. म्हणून मातीचे बूच तिथे अधिक चांगले ठरेल असे मानून चालू नये, तो प्रयोग वेगळा आणि आधी प्रयोगशाळेतच करावा.

एवढ्या अडचणी मोजल्यावर माझे काही मित्र म्हणतात, की मग हा उपद्व्याप कशाला, सिमेंट चालते आहे तर चालू द्या. त्यांना माझे उत्तर हे, की सिमेंटच्या अडचणी आपल्याला सवयीने दिसेनाशा झाल्या आहेत आणि मातीच्या नव्या असल्यामुळे ठळक दिसतात. नॉर्वेच्या नॉरसॉक डी-०१० या मानकात कायमच्या अडसराकडून ज्या अपेक्षा केल्या आहेत, त्यांत तो अभेद्य असावा, दीर्घकाळ टिकावा, आकसू नये, ताण सहन करण्याइतका लवचीक असावा आणि पोलादाशी चिकटावा असे म्हटले आहे. यांतल्या न आकसण्याच्या आणि लवचीकतेच्या कसोटीवर साधे सिमेंट कमी पडते, आणि नेमक्या त्याच दोन ठिकाणी माती बलवान आहे. माती जिथे कमी पडते, म्हणजे ताकद, खारटपणा आणि उष्णता, तिथे सिमेंट बलवान आहे. दोन्हींची जोडी एकाच विहिरीत कशी बसवावी हे शोधण्यात मला अधिक रस आहे.

म्हणून चाचणी कशी घ्यावी याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चुकीच्या चाचणीतून चुकीचे उत्तर मिळेल आणि मग पंचवीस वर्षे कोणी या विषयाला हात लावणार नाही. सिमेंटच्या नियमांनी मातीची परीक्षा घेऊ नये. सिमेंटच्या बुचावर पाइपचे वजन टेकवतात. ओल्या मातीवर ते टेकवले तर पाइप आत रुतेल आणि अहवालात ‘नापास’ असे लिहिले जाईल, जरी त्या मातीतून वायूचा एक बुडबुडाही वर येत नसला तरी. सिमेंटसाठी आपण तासांत थांबतो. मातीला बुचाच्या मध्यापर्यंत पाणी पोहोचण्यासाठी दिवस, कधी आठवडे लागतात. लवकर तपासले तर बाहेरची ओली साल दाब धरील आणि आतला कोरडा गाभा लपून राहील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दाब खालून, वायूने द्यावा, वरून पाण्याने नव्हे. विहिरीतला शत्रू खालून येतो आणि तो वायू असतो. वायूचा दाब मातीच्या फुगण्याच्या दाबापेक्षा आणि तिच्यावरच्या पाण्याच्या वजनापेक्षा वाढला, की तो मातीतून बारीक वाटा फाडत निघतो. तो कोणत्या दाबाला निघतो, बूच जागेवरून सरकते का, हे तर नोंदवावेच. पण तिथे चाचणी थांबवू नये. दाब उतरवून बुचाला काही दिवस पाण्याखाली शांत राहू द्यावे आणि मग पुन्हा तोच दाब द्यावा. दुसऱ्यांदा ते पहिल्याइतके धरते का? तिसऱ्यांदा? तडा गेलेले सिमेंट दुसऱ्या वेळी धरत नाही, ही माझी नोकरीभराची नोंद आहे. मातीने खरोखर दुसऱ्यांदा धरले, तरच तिला कायमच्या कामावर घेण्याचा विचार सुरू व्हावा. या एका मोजमापासाठी मी हे सारे पत्र लिहितो आहे.

पहिले काम प्रयोगशाळेतले आहे आणि ते बडोद्यातच होऊ शकते. विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कच्छच्या मात्या नव्या नाहीत, आणि कलाभवनात, जिथे १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी धंदेशिक्षणाची शाळा काढली, तिथे आजही यंत्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या कार्यशाळा आहेत. नव्या चकचकीत नळीत प्रयोग करू नये. एखाद्या वर्कओव्हरमध्ये बाहेर काढलेल्या गंजक्या, तेलकट केसिंगचे चार-सहा मीटरचे तुकडे मागवावेत, त्यांत निरनिराळ्या खाणींचे गोळे भरावेत, टँकरचे पाणी, जंबुसरच्या बोअरचे पाणी आणि प्रत्यक्ष तेलथरातले पाणी अशी तीन पाण्ये वापरावीत, आणि साध्या तापमानापासून ८० अंशांपर्यंत तापवून खालून नायट्रोजन द्यावा. देहरादूनची ड्रिलिंग तंत्रज्ञान संस्था आणि अहमदाबादची तेलसाठा अभ्यास संस्था यांच्याकडे दाब आणि तापमान हाताळण्याचा मोठा अनुभव आहे, त्यांना यात सामील करून घ्यावे. हे एक-दोन वर्षांत आटोपेल.

त्यानंतर प्रत्यक्ष विहिरी. मोजक्याच निवडाव्यात, पण ज्यांचे केसिंगमागचे सिमेंट लॉगिंगने चांगले असल्याचे सिद्ध झाले आहे अशाच निवडाव्यात, अन्यथा मागून आलेल्या वायूचा दोष मातीच्या माथी येईल. मातीच्या वर लगेच केसिंग कापून झाकण वेल्ड करू नये. वेलहेड, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचे उपकरण, ठेवून बुचाच्या वर आणि खाली दाबमापके बसवावीत, जमिनीवर मिथेन मोजावा, आणि हे किमान दहा वर्षे चालावे. काही बिघडलेच तर मातीचे बूच पाण्याच्या झोताने धुऊन काढता येते आणि नेहमीचे सिमेंट मारता येते. सिमेंट काढायचे तर ड्रिल करावे लागते. चाचणीसाठी माती सुरक्षित का आहे, त्याचे हे मोठे कारण आहे, आणि परवानगी देताना आपण त्याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे. तेल खाणींसाठीचे २०१७ चे नियम सिमेंट डोळ्यांसमोर ठेवून वाचले जातात. चाचणीपुरती मर्यादित, लेखी आणि मुदतीची सवलत दिल्याशिवाय कोणताही क्षेत्र-व्यवस्थापक अशा प्रयोगावर सही करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पैशाचा प्रश्न मी फार मोठा मानत नाही. विहिरी आणि जागा पूर्ववत करण्यासाठी आधीच पैसा बाजूला काढून ठेवण्याची योजना आपल्या देशात १९९९ पासून आहे. ज्या कामासाठी तो ठेवला आहे, ते काम अधिक चांगले कसे करावे हे शोधण्यासाठी त्यातला लहानसा वाटा खर्ची घालणे हे त्या योजनेच्या हेतूला धरूनच होईल. न केलेल्या कामाची किंमत पाहायची असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तिथे सोडून दिलेल्या विहिरींची संख्या तीस लाखांहून अधिक मानली जाते, आणि ज्यांचा मालकच उरला नाही अशा विहिरींसाठी २०२१ च्या कायद्यात ४७० कोटी डॉलर राखून ठेवावे लागले. आपल्याकडे विहिरींची संख्या त्या मानाने फारच थोडी आहे आणि बहुतेकींचे मालक अजून हयात आहेत. हीच वेळ योग्य आहे.

बडोद्याच्या लोकांना यात काय, असे मला शेजारी विचारतात. फाजलपूर, रायका, दोडका येथील मही नदीच्या पात्रातल्या विहिरींचे पाणी या शहराच्या नळांना येते. पाद्रा आणि जंबुसर तालुक्यांत शेतकऱ्याच्या पाण्याच्या बोअरपासून काही अंतरावरच तेलाची विहीर असते. मिथेन वातावरणात गेल्यावर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो, हे तर आहेच; पण त्या शेतकऱ्याची चिंता अधिक साधी होती. सेलरमधले बुडबुडे दाखवून त्याने मला विचारले होते, “साहेब, या पाण्याजवळ म्हशी बांधल्या तर चालतील ना?” मी त्याला लांब बांधायला सांगितले, आणि तेव्हा मला त्याच्या डोळ्यांकडे पाहवले नाही.

आपण ही चाचणी मंजूर केलीत तर तिचे आराखडे छापून आधी टीकेसाठी खुले करावेत, मोजमापे दर वर्षी प्रसिद्ध करावीत, आणि जे बूच फुटेल त्याची माती कापून, छायाचित्रांसह, पहिल्या पानावर दाखवावी. माझ्याकडे नोकरीतल्या सिमेंटच्या कामांच्या हस्तलिखित वह्या आहेत. त्यांत पाण्याचा खारटपणा, तापमान, सेट होण्यास लागलेला वेळ आणि पुढे ऐकू आलेल्या तक्रारी मी माझ्या सोयीसाठी टिपून ठेवल्या होत्या. त्या तक्रारींत माझ्या सहीची कामेही आहेत. विद्यापीठाने मागितल्यास त्या सर्व वह्या मी विनामूल्य देईन. पहिला गोळा केसिंगमध्ये सोडला जाईल तेव्हा मला तिथे उभे राहण्याची परवानगी मिळावी, आणि तो दिवस शक्यतो पावसाळ्याआधीचा असावा, म्हणजे पहिल्याच पावसात सेलरमध्ये पाणी साठेल आणि बुडबुडा येतो की नाही हे शेतमालकासह सर्वांना उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सिमेंटिंग अभियंता,
वडोदरा